इतिहास विभागात एकही प्राध्यापक नाही

चेंगडूत कुणाला जेवायला बोलावलं की तो दोनदा नको म्हणतो, तिसऱ्यांदा येतो आणि आल्यावर चार वाट्या भात खातो. यात ढोंग नाही. बोलावणाऱ्याला बोलवायला आणि येणाऱ्याला यायला थोडी ऐसपैस जागा लागते, एवढंच. विद्यापीठातल्या लोकांना ती जरा जास्त लागते. आमचे हे लग्नाची बोलणी करायला आले तेव्हा माझ्या वडिलांना स्वतःच म्हणाले होते, की तुमच्या मुलीला माझ्याहून बरं स्थळ मिळेल. वडील मुरलेले होते. त्यांनी त्याच बैठकीत तारीख धरली.

यांचं नाव थान चिंगश्वान. जपानशी लढाई चालली होती त्या दिवसांपासून इतिहास विभागात व्याख्याते. नद्यांचा आणि कालव्यांचा इतिहास शिकवायचे. कोणत्या राजाने बांध घातला, कोणाच्या अमलात तो फुटला, गाळ कुणी काढला आणि कुणी काढल्याचं नुसतं सांगितलं. ऐकायला रूक्ष वाटेल. मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. दुकानांच्या पाट्या आणि यांची टाकलेली टिपणं यांवरच मी वाचायला शिकले. पण वर्गाच्या खिडकीशी भाजीची टोपली घेऊन उभं राहून मी यांचा तास ऐकलाय. घरात मीठ संपलंय हे सांगायला ज्या माणसाला अर्धा दिवस लागतो, तो गाळाबद्दल बोलताना असा उजळतो की मला माझ्याच नवऱ्याकडे चोरून बघावंसं वाटतं.

छप्पन्न सालच्या वसंतात वरून हुकूम आला. सगळ्या शिक्षकांचा दर्जा नव्याने ठरवायचा: सहायक, व्याख्याता, सहयोगी प्राध्यापक, प्राध्यापक. पद्धत अशी, की प्रत्येकाने सभेत उठून आपण स्वतःला कुठे धरतो ते सांगायचं, मग बाकीच्यांनी त्यावर बोलायचं, मग कागद वर जायचा. यांना या खेपेला बढती मिळणार हे सगळं आवार धरून चाललं होतं. शेजारच्या फांग वहिनींनी तर मला आगाऊच सांगून टाकलं, की थान प्राध्यापक झाले तरी आमच्याकडून विरजणाला लोणच्याचं पाणी मागायला लाजू नका हो.

आता सभेतलं बोलणं कसं असतं ते आम्हाला ठाऊक होतं. माणसाने आपल्या लायकीच्या एक पायरी खालचं सांगायचं. मग वयाने मोठा असेल त्याने म्हणायचं, छे छे, हे फारच कमी झालं. मग सगळ्यांनी माना डोलवायच्या आणि त्याला उचलून वर ठेवायचं. स्वतःहून वर चढायचं नसतं. चढवून घ्यायचं असतं.

हे ठाऊक नव्हतं ते फक्त कॉम्रेड लुआन यांना. विभागाचा कारभार बघायला ते नुकतेच आले होते. दूर उत्तरेतल्या शानतुंग प्रांताचे, उंचेपुरे, आधीची सगळी वर्षं सैन्यात. वाचायला तेही मोठेपणीच शिकलेले. सैन्यात कुणी म्हणाला की मी शिपाई, तर तो शिपाईच असतो.

सभेत आधी कुणी बोलायचं यावरून बराच वेळ 'तुम्ही, तुम्ही' झालं आणि या आग्रहात नेहमीप्रमाणे आमच्या यांचा बळी गेला. हे उठले. उभं राहिल्यावर यांना वाटलं, बढती आपल्याला मिळणार असं सगळे म्हणताहेत, तेव्हा आपण इतरांपेक्षा जास्तच वाकलं पाहिजे. म्हणून एक पायरी सोडून यांनी तळच गाठला. म्हणाले, खरं बघता मी सहायक म्हणून राहण्याइतपतच आहे, तेही सांभाळून घेतलंत तर.

मग हे खाली बसले आणि 'छे छे'ची वाट बघू लागले.

ते म्हणायचा मान औयांग सरांचा. विभागातले सर्वांत वडील तेच, परदेशात शिकून आलेले, यांचे गुरू. पण औयांग सरांनी त्याच आठवड्यात नवी कवळी बसवून घेतली होती. ती हिरड्यांना लागत होती, म्हणून सभेला येताना ते दात घरी पेल्यात ठेवून आले होते. बोळक्या तोंडाने बोलायला नको, म्हणून ते गालावर हात धरून गप्प बसले. ते गप्प म्हटल्यावर फांग सरांना वाटलं, थानबद्दल सरांच्या मनात काहीतरी आहे, आपण कशाला मध्ये पडा. च्याओ सर फांग सरांकडे बघत राहिले. तेंग बाई विभागात एकट्याच बाई, त्या आधी बोलल्या असत्या तर आगाऊ ठरल्या असत्या. लुआन म्हणाले, फार प्रांजळ बोललात, कॉम्रेड. पुढचे.

पुढचे होते फांग सर. आता थान जर सहायक, तर थानबरोबरच नोकरीला लागलेल्या माणसाने व्याख्याता कसं म्हणायचं? तेही सहायक झाले. मग च्याओ सर सहायक. तेंग बाई सहायक. शेवटी औयांग सर उठले आणि तोंडावर हात ठेवून पुटपुटले, की अशा गुणी सहायकांसमोर आपण सहायक म्हणवून घेणंही जास्तच होतं, पण त्याखाली काही नाही म्हणून. लुआननी सगळं जसंच्या तसं लिहून घेतलं.

हे घरी आले आणि जेवले नाहीत. विचारलं तर म्हणाले, सभा चांगली झाली.

खरी गोष्ट शुक्रवारी तेंग बाईंकडून कळली. लुआन कार्यालयात हातातल्या कागदाकडे बघत म्हणत होते, की इथे एकही प्राध्यापक नाही, व्याख्याताही नाही, मग इतकी वर्षं या पोरांना शिकवत कोण होतं? आणि नियम असा, की सहायकाला तास घेता येत नाही. त्याने नकाशे रंगवायचे, दुसऱ्याच्या तासाला फळा पुसायचा. सगळेच फळा पुसणारे असले तर विभाग ठेवून करायचं काय? सोमवारी कागद वर गेले की विभाग बंद होऊन माणसं दुसरीकडे वाटून दिली जाणार, असं तेंग बाईंनी ऐकलं होतं. कुणी खाली नदीकाठच्या शहरात, कुणी शाळेत, कुणी ग्रंथालयात पुस्तकांना आवरणं घालायला.

मी यांना म्हटलं, "अहो, जाऊन सांगा ना लुआनना."

"काय सांगू?"

"की तुम्ही सहायक नाही."

यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी यांना भर बाजारात उघडं व्हायला सांगत होते. म्हणाले, "ते दुसऱ्या कुणी सांगायचं असतं."

आणि दुसरं कुणी सांगत नव्हतं. आवारात तर निराळंच पीक आलं होतं. औयांग सर रुसले होते, की आपण स्वतःला सहायक म्हणालो तरी एकही शिष्य 'छे' म्हणाला नाही. फांग वहिनींचं मत, सगळं थाननीच सुरू केलं. च्याओ वहिनींचं मत, फांग मुद्दाम गप्प बसले. एकमेकांवर इतके रागावलेले, इतके नम्र लोक मी आधी पाहिले नव्हते. शनिवारी हे वर्गावर गेले आणि परत येऊन मुकाट्याने खडू-डस्टरचा डबा कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला. तो डबा रोज दाराशी असायचा. या माणसाला दर्जा नसला तर चालेल. तास नसला तर हा जगेल, पण घरातल्या फर्निचरसारखा.

मला एकच गोष्ट येते. मी सगळ्या विभागाला रविवारी दुपारी जेवायला बोलावलं. रागावलेला माणूसही जेवायला नको दोनदाच म्हणतो, तिसऱ्यांदा येतोच. मग मी लुआनकडे गेले. ते पहिल्याच बोलावण्याला "येतो" म्हणाले. पुढची दोन आमंत्रणं माझ्या तोंडात तशीच राहिली.

माझा बेत फार मोठा नव्हता. पोटभर खाऊ घालायचं, दोन पेले दारू गरम करून द्यायची आणि एकदा तोंड सैल झालं की कुणीतरी काहीतरी बोलेल. मासा आंबवलेल्या मिरच्यांत शिजवला. डुकराचं मांस उकडून मग लसणीच्या पातीवर परतलं. शानतुंगच्या माणसाला तिखट सोसणार नाही, म्हणून त्याच्यासाठी कांद्याची पात आणि वाफवलेले पाव निराळे ठेवले.

आमचं टेबल चौकोनी, आठ जणांचं. दाराकडे तोंड असलेली जागा मानाची आणि दाराकडे पाठ करून बसायची ती सर्वांत खालची, पदार्थ तिकडून येतात म्हणून. लुआन आत आले आणि सरळ मानाच्या जागेवर बसले. ती त्यांनाच द्यायची होती, पण देण्याच्या आधी घेतली म्हणून सगळे जरा गोंधळले. मग उरलेल्या जागांसाठी नेहमीचं सुरू झालं. त्यांच्या शेजारी औयांग सरांनी बसायचं हे शेंबड्या पोरालाही कळेल. सर म्हणाले, मी इथेच कोपऱ्यात बरा. फांग सरांनी त्यांचा एक दंड धरला, च्याओ सरांनी दुसरा. इतके दिवस एकमेकांशी न बोललेले दोघं आता मिळून म्हाताऱ्याला ढकलत होते. सर पाय रोवून उभे. मी मासा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात. लुआनच्या हातात जेवायच्या काड्या, नजर माशावर.

एकदाचे सर बसले. मग तेंग बाईंना फांग सरांच्या वर बसवायचं की खाली यावर झटापट झाली आणि त्या वर बसल्या. तोवर आमच्या यांनी, सवयीने, दाराकडे पाठ करून सर्वांत खालचं स्टूल पकडलं होतं. तिथून पदार्थ घ्यायला सोपं पडतं म्हणे.

औयांग सर पुन्हा उठले. आज दात तोंडात होते. टेबलाला वळसा घालून ते यांच्यापाशी आले आणि यांची बाही धरली.

"ऊठ."

"सर, मी इथेच."

"तू इथे बसलास तर मी जेवत नाही."

आणि वयाच्या मानाने फारच जोरात ओढत त्यांनी यांना स्वतःच्या शेजारी नेलं. तिथे च्याओ सर बसलेले. ते काही न विचारता, चेहऱ्यावर राग नाही, एक जागा खाली सरकले. फांग सरही सरकले. यांचे कान लाल झाले, पण हे बसले, कारण मासा गार होत होता आणि मी बघत होते.

लुआननी काड्या खाली ठेवल्या. "वहिनी, हे काय चाललंय?"

"जागा ठरतायत," मी म्हटलं.

"कोण ठरवतंय?"

"सगळे. आपापली सोडून."

ते टेबलाभोवती एकेका चेहऱ्याकडे बघत गेले. औयांग सर, आमचे हे, तेंग बाई, च्याओ, फांग, शेवटी विभागातल्या दोन तरुण शिक्षकांपर्यंत. त्यांच्या कपाळावर आठी होती ती हळूहळू गेली.

"म्हणजे कुणाची जागा कुठे ते तुम्हाला माहीत आहे," ते म्हणाले. "सगळ्यांना माहीत आहे. मग सभेत का नाही बोललात?"

फांग सरांनी च्याओ सरांकडे बघितलं, च्याओ सरांनी फांग सरांकडे. शेवटी औयांग सर वाडग्यात बघत म्हणाले, "माझे दात घरी होते."

लुआनना हसू आवरायला वेळ लागला. मग त्यांनी विचारलं, "औयांग सर, आता आहेत ना दात? मग सांगा. थान कोण?"

सरांनी यांच्याकडे बघितलं नाही. म्हणाले, "मी दरवर्षी याच्या वर्गाच्या मागच्या बाकावर जाऊन बसतो. त्याला वाटतं, म्हातारा तपासायला येतो. मी शिकायला जातो. हा प्राध्यापक आहे."

हे घाईघाईने उठू लागले. "नाही नाही, सर उगाच. मी खरं तर सहा..."

"तुम्ही बसा," लुआन म्हणाले. "तुम्हाला विचारलेलं नाही."

आयुष्यात प्रथमच कुणी यांना इतकं उद्धट बोललं असेल. आणि हे बसले, तर खांदे असे खाली आले, की मला वाटलं आता हातातला पेला पडतो. पडला नाही. यांनी तो एका घोटात संपवला आणि भाताची वाटी पुढे केली. मी भरली. पुन्हा पुढे केली, पुन्हा भरली. लुआननी माझे पाव बाजूला सारून मिरच्यांतला मासा खाल्ला, डोळ्यांतून पाणी काढत, आणि ते पाणी कशाचं हे विचारायची आमच्याकडे पद्धत नाही.

सोमवारी कागद गेले नाहीत. पुन्हा सभा झाली. लुआननी एकच नियम केला: स्वतःविषयी बोलायचं नाही, बोलेल त्याला बाहेर काढीन. ती सभा म्हणे संपता संपेना. एकेकाची स्तुती दुसऱ्याच्या तोंडून अशी वाहू लागली की कालवा फुटल्यासारखं झालं. फांग सरांनी च्याओ सरांबद्दल बोलताना रडायला सुरुवात केली, असं तेंग बाई सांगतात, पण त्यांना भर घालायची सवय आहे.

वरच्यांनी सगळ्यांना एकेक पायरी खाली आणलं. इतर विभागांचे नम्र कागद बघून आमचे त्यांना बहुधा फारच वरचे वाटले असावेत. औयांग सर तेवढे प्राध्यापक राहिले, त्यांना हात लावायची कुणाची छाती नव्हती. आमचे हे सहयोगी प्राध्यापक झाले. विभाग जागेवर राहिला. कालव्यांचा आठवड्याला एक तास वाढवून मिळाला.

त्या दिवशी हे घरी आले, जोडे काढले, आणि बाकावर बसले. मग म्हणाले, "मला वाटतं, जरा जास्तच दिलंय त्यांनी."

मी लसूण सोलत होते. म्हटलं, "मग परत करून या. कॉम्रेड लुआन अजून कार्यालयात असतील."

यांनी काढलेले जोडे पायाने बाकाखाली सरकवले.

"नको," हे म्हणाले. "आता दिलंच आहे, तर त्यांना वाईट वाटेल."