थेंबभर गळती नाही

ज्योतीराम चाकणच्या एका कंपनीत लीक टेस्टिंगला होता. गाड्यांच्या पेट्रोलच्या टाक्यांत हवा भरायची, त्या हौदातल्या पाण्यात दाबून धरायच्या आणि बुडबुडा कुठून निघतो ते बघायचं. अकरा वर्षं हेच काम. त्याच्या नजरेतून बुडबुडा सुटला असं कधी झालं नव्हतं. लाइनवरचा चिमाजी म्हणायचा, "भाऊनं ओके केलेली टाकी समुद्रात फेका, कोरडी निघंल."

आणि अशा माणसाच्या घरात गेल्या मे महिन्यात वीतभर पाणी शिरलं. पिंपळे गुरवात नाल्याकडच्या बोळातलं तळमजल्याचं घर ते. वळवाचा पाऊस तासभरच कोसळला, पण नाला तुंबला आणि पाणी बोळात वळलं. त्याची माय, दुर्गाबाई, तेव्हा नुकतीच लातूरजवळच्या औशाहून आली होती. वडील गेल्यावर ज्योतीरामनं हट्ट धरून तिला आणलं होतं. भिजलेल्या गादीवर बसून ती एवढंच म्हणाली, "बाबा, असं परत झालं तर मी काई राहत नसते हितं."

तेव्हापासून त्याच्या डोक्यात दुसरा विषय नव्हता. वर्कशॉपमधून त्यानं दाराला बाहेरून लावायचा तीन फूट उंच लोखंडी पाट बनवून आणला. कडेनं जाड रबर, चौकटीला बाहेरून सहा नट. खिडकीच्या फटी सिलिकॉननं बुजवल्या. मग पाइप लावून दारावर पाणी मारलं आणि बोळातल्या लोकांना हाका मारून दाखवलं, आत थेंब नाही.

"दार छान झालं," बायको रुपाली म्हणाली, "पण सासूबाईंचे गुडघे हे असे. हा डोंगर त्या ओलांडणार कशा?"

"ओलांडायचा कशाला? आभाळ दिसलं तर सकाळी लावीन, शिफ्टवरून आलो की काढीन."

"म्हणजे माणूस आत ठेवायचं आणि डब्याला झाकण लावायचं."

"राहू दे गं," दुर्गाबाई मधे पडली. "त्याच्या जिवाला तेवढंच बरं वाटतंय."

तिला दिवसभर घरात बसण्याचं दुःख नव्हतं. दुपारी जेवण झालं की ती झांजा घेऊन बसायची. गावाकडं चाळीस वर्षं तिनं एक कीर्तन चुकवलं नव्हतं. बुवा दृष्टान्तात रमले, पखवाजवाला भरकटला, तरी हिचा ठेका जागेवर असायचा. चुकणाऱ्याकडं ती नुसतं बघायची, आणि तो बिचारा वरमायचा. वरच्या मजल्यावरच्या शालनबाई म्हणायच्या, "काकूंच्या झांजांवर घड्याळ लावावं."

यंदाच्या मे महिन्यात त्या दिवशी सकाळपासून गदमदत होतं. ज्योतीरामनं पाट लावला, सहाही नट आवळले, पाना पिशवीत टाकला आणि कंपनीची बस धरली. मागोमाग रुपाली पाट ओलांडून आकुर्डीला गेली. तिथल्या एका कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये ती पोळ्या करायची.

एकच्या सुमाराला आभाळ फुटलं. अडीचला शालनबाईंनी गॅलरीतून काढलेला व्हिडिओ ज्योतीरामच्या फोनवर आला. बोळात कमरेएवढं गढूळ पाणी, त्यात वाहत चाललेल्या बादल्या, एक पालथी स्कूटर, आणि मधे त्याचा पाट, जागचा हललेला नाही. मागून शालनबाईंचा आवाज, "ज्योतीरामभाऊ, तुमचं दार मानलं! काकूंचं तर भजन रंगलंय." खरोखरच पावसाच्या आवाजातून झांजा ऐकू येत होत्या आणि दुर्गाबाईचा टिपेला गेलेला सूर, "विठ्ठला, धाव रे! पांडुरंगा, ये रे!"

ज्योतीरामनं व्हिडिओ सगळ्या लाइनला दाखवला.

"आत म्हातारी भजन करतीय, बाहेर जग बुडालंय," चिमाजी म्हणाला. "भावा, माझ्या घराला पण एक ठोकून दे."

साडेतीनला शिफ्ट सुटली. मोशीजवळ बस अडकली ती हलेचना. त्यानं समाधानानं पुन्हा व्हिडिओ लावला. या वेळी फोन कानाशी धरला. एकदा ऐकलं, आणि डोळे मिटून पुन्हा ऐकलं. झांजांना ठेका नव्हता. दोन ठोके घाईनं, मग काहीच नाही, मग नुसता खणखणाट. माय ठेका सोडून वाजवते? तिला ताप होता तेव्हासुद्धा तिचा ठेका सुटला नव्हता.

टाकी तपासण्याआधी तिची सगळी तोंडं बंद करायची असतात, हे तो नव्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवायचा. त्याच्या घराला एक तोंड उरलं होतं. मोरी. नाला चढला की मोरीतून पाणी उलटं येणार आणि त्याच्या पाटाआड साठत जाणार.

मायकडं फोन नव्हता, आणि शालनबाईंचा बंद लागला. दुपारपासून तिकडं वीज नव्हती. रुपाली म्हणाली, "अहो, मी इथंच अडकलेय, एक गाडी हलत नाहीये." तो बसमधून उतरला आणि गाड्यांच्या रांगांमधून चालत, मधेच पळत सुटला. पुढं एका दुचाकीवाल्यानं त्याला मागं घेतलं.

बोळात तो पोचला तेव्हा सहा वाजत आले होते. पाणी ओसरून घोट्याएवढा चिखल उरला होता. माणसं खराट्यानं गाळ लोटत होती. त्याच्या दारापाशी कुणीच नव्हतं. ज्याचं घर वाचलं त्याच्याकडं कोण बघतं? गॅलरीतून शालनबाई हसून म्हणाल्या, "आलात? काकू झोपल्यात वाटतं. वरूनच हाका मारल्या मी दोन-तीनदा."

त्यानं पाटावरून वाकून बघितलं. पाट आणि दार यांच्या मधल्या फटीत काठोकाठ पाणी उभं होतं. मोरी गाळानं तुंबली होती, आत आलेल्या पाण्याला जायला वाट नव्हती. रबर कुठूनही पाझरत नव्हतं.

त्यानं पिशवीतून पाना काढून नट सोडवायला घेतले. पाचवा नट निघाला तसा पाटच उसळून अंगावर आला आणि पाण्यानं त्याला बोळात लोटलं. उठून त्यानं दाराला खांदा लावला. आतून गादी आणि पत्र्याची पेटी येऊन दाराला अडली होती. तिसऱ्या धक्क्याला दार सरकलं.

दुर्गाबाई लोखंडी कॉटवर भिंतीला टेकून बसली होती. लुगडं छातीपर्यंत ओलं, ओठ काळेनिळे. तिनं डोळे उघडले, पण तोंडातून शब्द फुटेना.

त्यानं तिला पाठुंगळी घेऊन वर नेलं. शालनबाईंनी कोरडं लुगडं नेसवलं, शेगडीवर फडकं गरम करून तळपाय शेकले, आणि शेकता शेकता त्या ढसाढसा रडायला लागल्या. "काकू, मी वरून टाळ्या धरल्या हो तुमच्यासंगं! म्हटलं, आज काय सूर लागलाय."

"तुझं काय चुकलं?" घोटभर चहा पोटात गेल्यावर दुर्गाबाईचा आवाज फुटला, तोही घोगरा. "हाक मारायला दुसरं नाव तोंडात आलंच नाही मला."

रुपाली भिजून आली, सासूच्या पायाशी बसली. ज्योतीराम खाली मान घालून म्हणाला, "माय, मोरी तेवढी राहिली बघ. उद्याच व्हॉल्व्ह बसवतो. पाणी बाहेर जाईल, पण उलटं येणार नाही. मी स्वतः तपासून—"

"तुझं काम चोख हाय, लेकरा." तिनं त्याच्या चिखलानं भरलेल्या डोक्यावर हात ठेवला. "म्हणूनच मला भ्याव वाटायलंय." मग तिनं विचारलं, "सकाळची लातूरची गाडी किती वाजता असती?"

लग्नसराईत जागा मिळत नाही, असं काहीतरी सांगायला त्यानं तोंड उघडलं. तेवढ्यात शालनबाईंनी फडकं बाजूला केलं आणि पाण्यात राहून पांढरेफटक, सुरकुतलेले तिचे पाय त्याला दिसले.

"सव्वासातला," तो म्हणाला.