अजून पिल्लूच आहे

नर की मादी, हे सांगायचे मी कधी पैसे घेतले नाहीत. घेतले असते तर लोक उत्तर ऐकून लगेच उठले असते. फुकट सांगितलं की त्यांना निदान चहापुरतं तरी थांबावं लागे.

कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालो तेव्हा माझ्याकडे कॉकटेलच्या सहा जोड्या होत्या. पुस्तकात कॉकेटील असं लिहितात. उल्हासनगरच्या बाजारात तसं म्हणून बघा, दुकानदार हसेल. डोक्यावर तुरा असलेला, मैनेपेक्षा जरा मोठा पोपट. करडा असेल तर कुणालाही कळेल: नराचं तोंड पिवळंजर्द, मादीचं मळकट. गोची होते ती लाल डोळ्यांच्या पांढऱ्यात. तिथे दोघंही वरून सारखेच. मग शेपटी उन्हात धरायची. मोठी मादी असेल तर खालच्या पिसांवर फिकट पिवळ्या आडव्या रेघा दिसतात. पिल्लांत मात्र दोघांनाही रेघा असतात. पहिली पिसं झडली की नराच्या जातात.

तीस वर्षं मापाचे गेज तपासलेल्या डोळ्यांना या रेघा कधी चुकल्या नाहीत. दुकानदार गिऱ्हाइकांना सांगायचा, "अंबरनाथ वेस्ट जाओ, आण्णा के पास. वो बोलेगा वही फायनल." हे कानावर आलं की मला बरं वाटायचं, नाही कशाला म्हणू?

बायको, सरस्वती, गेल्यापासून घरात माणसाचा आवाज म्हणजे रविवारी येणारी ही मंडळी. बाकीचे सहा दिवस नर शीळ घालत आणि मी त्यांच्यावर खेकसत असे. लेक उमा नागपूरला. तिच्या पत्रात 'काळजी घ्या' असायचं, कशी ते नसायचं.

इंदुबाई आल्या त्या चौऱ्याण्णव सालच्या जानेवारीत. बदलापूरला एकट्या राहायच्या, एका दवाखान्यात नर्स होत्या. पिंजऱ्यावर धुतलेला अभ्रा घालून त्यांनी पांढरा पक्षी आणला होता.

"आण्णा, मी ड्यूटीवर गेले की हे दिवसभर ओरडतं. शेजारी वैतागलेत. जोडीदार आणायचाय, पण नर आणू की मादी?"

मी शेपटी उन्हात धरली. रेघा स्पष्ट होत्या. मादी, वर्षाच्या वरची. काम दोन मिनिटांत संपलं, पण सवयीनं मी म्हटलं, "सांगतो. आधी चहा घेऊ."

इतर लोक खुर्चीच्या टोकावर बसून बशीत ओतून चहा संपवतात. बाई ऐसपैस बसल्या. प्रत्येक पक्ष्याचं नाव विचारलं. दवाखान्यातल्या एका म्हातारीची नक्कल करून दाखवली. मग ओट्यावरचं रिकामं पातेलं बघून म्हणाल्या, "जेवलात का?" सरस्वती गेल्याला चार वर्षं झाली, तेवढ्यात मला हे कुणी विचारलं नव्हतं. साठी उलटलेल्या माणसाला डोळे पुसणं शोभत नाही, म्हणून मी उठून पक्ष्यांचं पाणी बदलायला लागलो.

"मग काय ठरलं?" त्यांनी पिंजरा उचलला.

"अजून पिल्लूच आहे," मी म्हणालो. "पिसं झडल्याशिवाय कळायचं नाही. पुढच्या रविवारी आणा."

"पण दुकानदार म्हणाला, वर्षाचं आहे."

"दुकानदाराला विकायचं असतं, बाई."

खोटं बोलताना जीभ अडखळेल असं वाटलं होतं. जराही अडखळली नाही.

त्या पुढच्या रविवारी आल्या, त्याच्या पुढच्याही. येताना डब्यात कधी थालीपीठ, कधी वालाचं बिरडं. मी शनिवारीच घर झाडून ठेवू लागलो, कान तुटलेले कप टाकून नवे आणले. बाकीची गिऱ्हाइकं आली तर त्यांना दारातूनच 'नर, नर, मादी' करून वाटेला लावायचो. बाईंसमोर मात्र माझी टकळी थांबत नसे. पांढरा बाप आणि करडी आई अशी जोडी लावली की पांढरी पिल्लं सगळी मादी निघतात आणि करडी सगळी नर, शेपटी बघायचीसुद्धा गरज नाही, हे मी त्यांना घरट्याच्या पेट्या उघडून दाखवलं.

"म्हणजे लेकी बापाच्या रंगावर!" त्या खूश झाल्या. "आणि एवढं सगळं येणाऱ्या तुम्हाला माझं एक पाखरू दाद देत नाही!"

मी हसलो. काय करणार?

चौथ्या रविवारी त्या म्हणाल्या, "झोपायला म्हणून चपलांचा खोका ठेवलाय पिंजऱ्यात. तर दिवसभर त्यातच बसतं. पुठ्ठा कुरतडतं. हात नेला की फुसकारतं."

मादी अंड्यावर आली होती. नर नसला तरी ती अंडी घालते. अशा वेळी खोका काढून घ्यायचा असतो, कॅल्शियमसाठी समुद्रफेसाचा तुकडा टांगायचा असतो, नाहीतर अंड्याचं कवच धरत नाही. पण हे सांगायचं म्हणजे मादी आहे हेच सांगायचं. काहीतरी निमित्त काढून निदान समुद्रफेस तरी देता आला असता. पण मला पुढचा रविवार सोडून दुसरं काही सुचतच नव्हतं.

"खेळतंय," मी म्हणालो. "पिल्लूच ते."

बुधवारी दुपारी बाई युनिफॉर्मवरच धावत आल्या. पक्षी पिंजऱ्याच्या तळाशी फुगून बसला होता. तुरा पडलेला, डोळे अर्धे मिटलेले, शेपटी खालीवर होत होती.

"सकाळपासून असंच आहे, आण्णा. काय झालंय त्याला?"

"अंडं अडकलंय," मी म्हणालो.

उबेसाठी साठ वॅटचा बल्ब लावला, गरम पाण्यात पिळलेलं फडकं घेतलं, एरंडेलाचे दोन थेंब लावले. बाईंनी पक्षी हातात धरला. नर्सचा हात, त्यात घाई नव्हती. अडीच तास मी फडकं गार झालं की पुन्हा गरम करून देत राहिलो. शेवटी अंडं आलं, कवच कसलं, नुसता पापुद्रा. थोड्या वेळानं मादी उठून पाणी प्यायली.

बाई एकदम हसल्या आणि हसता हसता रडल्या.

"तुमच्यामुळे वाचली, आण्णा. आणि बघा, तुम्हालाही कळलं नव्हतं. म्हणजे किती अवघड असेल हे! मी रोज बघते, भल्याभल्या डॉक्टरांचंही चुकतं. मनाला लावून घेऊ नका."

गप्प बसायचं होतं, बस्स. त्या रविवारी आल्या असत्या, जोडीदार निवडायला आल्या असत्या, पुढे पिल्लं दाखवायला आल्या असत्या. बदल्यात आण्णाचे डोळे गेले, एवढंच त्यांनी समजायचं होतं. मला ते सोसलं नाही. तो प्रामाणिकपणा होता की टूलरूमची घमेंड, हे मला आजही सांगता येणार नाही.

"मला पहिल्याच रविवारी कळलं होतं," मी म्हणालो.

त्यांना आधी समजलंच नाही. मग चेहरा उतरला.

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही जोडीदार घेऊन मोकळ्या झाल्या असता. परत कशाला आला असता?"

त्यांनी हात पुसले, मादीला पिंजऱ्यात ठेवलं, अभ्रा नीट ओढून घेतला. मी फडकं पिळत राहिलो. त्यात पाणी उरलं नव्हतं.

"मेली असती ही," त्या म्हणाल्या.

"हो."

दारात त्या थांबल्या. आवाज चढला नव्हता. चढला असता तर मलाही चिडता आलं असतं.

"नुसतं 'या' म्हणाला असतात तरी मी आले असते, आण्णा. मला तरी रविवारचं कोण आहे?"

जिना उतरून त्या खाली गेल्या. मी गॅलरीत आलो. पिंजरा दोन्ही हातांनी छातीशी धरून त्या स्टेशनच्या दिशेनं सावकाश चालल्या होत्या, हाक सहज ऐकू गेली असती. एवढासा शब्द, आणि आता तर त्यांनीच सांगून ठेवलेला. त्या कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी कठडा धरून उभा होतो, आणि तो माझ्या तोंडातून निघाला नाही.