न वाचता केलेली सही

या शहरात वाचतं कोण, सांगा मला! एकोणीस वर्षं मी विद्यापीठाच्या मागच्या दरवाजासमोर झेरॉक्सचं दुकान चालवतेय. शपथेवर सांगते, माझ्या काचेवरून गेलेले कागद माझ्याइतके कुणीच वाचलेले नाहीत. ज्यांनी लिहिले त्यांनी नाहीत, आणि ज्यांनी सह्या ठोकल्या त्यांनी तर नाहीतच नाहीत. पिवळं फोल्डर, आत पत्र्याची पट्टी, लाल पार्श्वभूमीवरचे दोन फोटो, ओळखपत्राची प्रत, तिच्यावर शिक्का, त्या शिक्क्यावर आणखी एक शिक्का. आमच्या बोलिव्हियात याशिवाय पान हलत नाही. फोल्डर निळं नेलंत तर खिडकीतली बाई ते उघडूनही बघत नाही. म्हणून मी निळी फोल्डरं ठेवतच नाही.

नेल्वा माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. शेतकीची पदवीधर आहे, पण आठ वर्षं डॉक्टर गार्नीकांची मदतनीस म्हणून राबतेय. डॉक्टर म्हणजे औषधवाले नव्हेत, बटाट्याचे. वर डोंगरात, जिथे झाडंसुद्धा उगवायला नाही म्हणतात, तिथे त्यांचे प्रयोगाचे वाफे आहेत. 'त्यांचे' म्हणायचं आपलं. ट्रकच्या हौद्यात बसून तीन तास वर जाणार नेल्वा, लेक तान्ही होती तेव्हा तिला पाठीवरच्या फडक्यात बांधून जाणारही नेल्वाच. कोणती जात दहिवरात तगली, कोणती काळी पडली, हे ओळीओळीने वहीत लिहिणार ती, गावकऱ्यांशी त्यांच्या केचुआ भाषेत बोलून जुनं बियाणं मिळवणार ती. आणि परदेशच्या परिषदेत पडद्यावर चित्रं दाखवणार डॉक्टर. छापलेल्या लेखात नेल्वाचं नाव नाही. का, तर ती मदतनीस. मदतनिसाचं नाव छापत नाहीत म्हणे.

यावर औषध एकच होतं, पुढची पदवी. डॉक्टरांच्या हाताखाली यंदा एकच जागा होती, विद्यावेतनासकट. विद्यावेतनाला वयाची अट पस्तीस. नेल्वाला ऑक्टोबरात पस्तीस पूर्ण होणार. म्हणजे यंदा झालं तर झालं, नाहीतर जन्मभर दुसऱ्याच्या नावाचे बटाटे मोजायचे.

अर्जाला प्राध्यापकाचं शिफारसपत्र लागतं. नियम असा की एका प्राध्यापकाने एकाच उमेदवाराला द्यायचं आणि बंद पाकिटात स्वतः समितीकडे पोचवायचं. नेल्वा डॉक्टरांकडे गेली, तर ते म्हणाले, "तूच लिहून आण पोरी, मी सही करतो." इथे हीच रीत आहे. सगळे प्राध्यापक असंच करतात, आणि मग विद्यार्थी माझ्या दुकानात येऊन स्वतःची स्तुती लिहिताना लाजतात, घामाघूम होतात.

नेल्वाही लाजली. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, तिने कॉम्प्युटरवर लिहिलं : 'उमेदवार वक्तशीर असून कष्टाळू आहे.'

"हे काय!" मी म्हटलं. "शेजाऱ्याच्या गाढवाला पण असं पत्र देता येईल."

"मावशी, स्वतःबद्दल काय काय लिहायचं?"

"जे केलंस ते लिही. पांघरुणांचं लिही."

"पांघरुणं म्हणजे काही विज्ञान नाही."

"मग काय आहे? त्या ओळीचं बी आज जिवंत आहे ना?"

तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत अवेळी थंडी पडली, तेव्हाची गोष्ट. आठ ओळी जळून गेल्या होत्या. नवव्या ओळीवर हिने घरची पांघरुणं अंथरली आणि स्वतः उशाशी बसून राहिली. आठवडाभर खोकत होती. आज डॉक्टर ज्या जातीवर व्याख्यानं देतात ती त्याच नवव्या ओळीतली. मी हट्टाला पेटले, तेव्हा कुठे ते वाक्य पत्रात आलं. दोन पानांचं पत्र झालं, आणि त्यातला शब्द न् शब्द खरा. तिने ते डॉक्टरांना पाठवलं. डॉक्टर म्हणाले, "उत्तम. पाकीट मी पोचवतो. तू निर्धास्त राहा."

मग सहा आठवडे वाट बघणं. नेल्वा रोज खालच्या नोटीस बोर्डापाशी जाऊन यायची आणि माझ्याकडे उकडलेल्या पीचचं थंडगार पाणी पीत बसायची. निकाल आज लागेल, उद्या लागेल. समितीच्या एका सदस्याचं लग्न निघालं, आठवडा गेला. मग रस्तारोको झाला, दुसरा गेला. तिची लेक विचारायची, "आई, अजून वाचतायत का गं तुझे कागद?"

"वाचतायत."

"किती हळू वाचतात!"

एका मंगळवारी यादी लागली. निवड : जानकार्लो असा-असा. त्याखाली चार नावं प्रतीक्षेत. आणि सगळ्यात खाली 'अपूर्ण अर्ज' या मथळ्याखाली माझी नेल्वा. खिडकीतली बाई म्हणाली, शिफारसपत्र आलंच नाही, त्यामुळे फोल्डर उघडलंच नाही. म्हणजे सहा आठवडे आम्ही ज्याची वाट बघत होतो ते पिवळं फोल्डर कपाटावर धूळ खात होतं!

संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला. नेल्वाने स्पीकरवर टाकला.

"गहाळ झालं असेल गं कुठेतरी, या लोकांचा कारभार तुला माहीत आहे. पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी मला वय आडवं येईल, डॉक्टर."

"अगं, निघेल काहीतरी मार्ग. बरं ऐक, सोमवारी जानकार्लोला वर घेऊन जा. वाफे दाखव, वह्या समजावून सांग. मुलगा हुशार आहे, पण त्याला बटाट्यातलं काही कळत नाही."

नेल्वाने "बरं" म्हणून फोन ठेवला. तिने बरं म्हटलं म्हणून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हा जानकार्लोच माझ्या दुकानात हजर. गोरागोमटा, केसांना तेल, पायात असे बूट की चिखलाची आणि त्यांची कधी ओळखच झालेली नाही. डॉक्टरांच्या दोस्ताचा मुलगा. बाप्तिस्म्याला डॉक्टरांनीच त्याला हातावर घेतलं होतं, म्हणजे त्यांचा मानलेला मुलगा. नोंदणीसाठी सगळ्या फायलीच्या तीन-तीन प्रती हव्या होत्या. मी एकेक पान काचेवर ठेवू लागले आणि माझ्या सवयीप्रमाणे वाचू लागले. चौथं पान शिफारसपत्र. 'आठ वर्षं डोंगरातल्या वाफ्यांवर...' माझा हात थांबला. 'गावकऱ्यांशी त्यांच्या भाषेत बोलून बियाणं मिळवलं...' आणि खाली, 'थंडीच्या लाटेत नवव्या ओळीवर घरची पांघरुणं अंथरून...' शब्द न् शब्द आमचा! फक्त नाव बदललेलं. खाली डॉक्टरांची झोकदार सही.

"काय रे बाळा," मी म्हटलं, "पांघरुणं कुठल्या रंगाची होती?"

"कसली पांघरुणं?"

"तू नवव्या ओळीवर अंथरलीस ती."

तो माझ्याकडे वेड्या बाईकडे बघावं तसं बघायला लागला. मी पान त्याच्यापुढे धरलं. तो वाचू लागला आणि कानापर्यंत लाल झाला. मेल्याने स्वतःचं शिफारसपत्रही वाचलेलं नव्हतं! "हे डॉक्टरकाकांनी थेट समितीला दिलं होतं," तो पुटपुटला. "मला प्रत कालच मिळाली. हे कुणाबद्दल आहे?"

"सोमवारी तुला जी वर घेऊन जाणार आहे ना, तिच्याबद्दल." आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, पण या नागोबाला बीळ कुणाचं तेही ठाऊक नव्हतं. तो प्रती न घेताच गेला. मी मात्र त्या चौथ्या पानाची एक प्रत काढून घेतली होती.

नेल्वाला ती दाखवली. मला वाटलं रडेल. रडली नाही. तिने पान सहीपर्यंत वाचून काढलं, मग म्हणाली, "हरकत घ्यायला किती दिवस असतात?"

"तीन. पण हरकतीलाही शिफारसपत्र जोडावं लागतं."

"मग लिहू या."

या वेळी ती लाजली नाही. अर्ध्या तासात एक पान झालं. मी, डॉक्टर अमुकतमुक, लिहून देतो की आठ वर्षांचं वाफ्यांवरचं काम नेल्वाचं आहे. जानकार्लोच्या नावाने मी दिलेल्या पत्रात जे वर्णन आहे ते नेल्वाच्या कामाचं आहे, आणि ते पत्र तिनेच लिहिलं होतं. या जागेसाठी मी तिची शिफारस करतो.

"सही करेल होय तो!" मी म्हटलं.

"बघू," ती म्हणाली.

डॉक्टर विद्यापीठाच्या आवारात गाडीजवळ भेटले, नेहमीप्रमाणे घाईत. मी मुद्दाम बरोबर गेले होते. नेल्वा म्हणाली, "डॉक्टर, हरकत घेतेय. त्यासाठी शिफारसपत्र आणलंय."

"घे घे, हरकत घे," डॉक्टर उदारपणे हसले. "होणार काही नाही, पण मनाला समाधान." त्यांनी पेन काढलं आणि कागद गाडीच्या बॉनेटवर ठेवला.

"वाचून घ्या, डॉक्टर."

"तू लिहिलंयस ना? मग वाचायचं काय."

"तरी वाचा. एकच पान आहे."

"पोरी, आठ वर्षांत तुझं कधी काही वाचलंय का मी?"

"नाही, डॉक्टर. म्हणूनच म्हणते, आज वाचा."

तीनदा म्हणाली, माझ्यादेखत. डॉक्टरांनी घड्याळ बघितलं, सही केली आणि गाडीत बसले. गाडी वळेपर्यंत नेल्वा जागची हलली नाही.

सुनावणीला सोबत एक माणूस नेता येतो. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मी भर दिवसा दुकान बंद केलं. खोलीत समितीच्या अध्यक्षबाई, दोन सदस्य, डॉक्टर, आणि कोपऱ्यात जानकार्लो. अध्यक्षबाईंनी पत्र मोठ्याने वाचलं. डॉक्टरांचा चेहरा ओळीओळीने उतरत गेला.

"ही सही तुमचीच?"

"माझीच, पण... मी हे वाचलं नव्हतं! घाईत होतो. ही शुद्ध फसवणूक आहे."

चोराच्या उलट्या बोंबा! मी उठणार होते, नेल्वाने माझा हात दाबला. ती म्हणाली, "मी तीनदा वाचा म्हटलं, बाई. मावशी साक्षीला आहे."

अध्यक्षबाईंनी फायलीतून दुसरं पत्र काढलं. "आणि हे, जानकार्लोचं? ही सही तरी वाचून केली होती का?"

वाचून केली म्हणावं, तर दुसऱ्याचं काम जाणूनबुजून याच्या नावावर घातलं. न वाचता केली म्हणावं, तर पत्राला किंमत शून्य. डॉक्टर पाणी प्यायले. मग म्हणाले, "ते... तेही न वाचताच."

"ठीक आहे. दोन्ही पत्रं बाद," अध्यक्षबाई म्हणाल्या.

म्हणजे पुन्हा 'अपूर्ण'? पण त्या थांबल्या नव्हत्या. "आता पत्राशिवायच विचारते. नवव्या ओळीवर पांघरुणं कुणी घातली?"

नेल्वाने तोंड उघडायच्या आत कोपऱ्यातला मुलगा उठला. "मी ते शेत पाहिलेलंसुद्धा नाही, बाई," तो म्हणाला. "मला दुकानात कळलं. माझं नाव काढून टाका." डॉक्टर त्याच्याकडे बघतच राहिले. मी त्याला मनातल्या मनात घातलेल्या शिव्यांपैकी निम्म्या परत घेतल्या. निम्म्याच.

अध्यक्षबाईंनी नेल्वाला पत्राची अट माफ केली, तिचं पिवळं फोल्डर उघडायला लावलं आणि प्रतीक्षेतल्या चौघांबरोबर ते वाचून काढलं. शुक्रवारी नवी यादी लागली. निवड : नेल्वा. तिची लेक म्हणाली, "वाचलं एकदाचं!"

एक गोष्ट उरली होती. नोंदणीला संशोधनाचा आराखडा लागतो, अकरा पानांचा, आणि त्यावर मार्गदर्शकाची सही. मी नेल्वाला म्हटलं, दुसरा मार्गदर्शक बघ. ती म्हणाली, "बटाट्याला दुसरा कुणी नाही, मावशी. आणि नवव्या ओळीचं बी त्यांच्या खोलीतल्या फ्रीजमध्ये आहे. ते मी का सोडू?"

डॉक्टर माझ्या दुकानात आले. नेल्वाने अकरा पानं काउंटरवर ठेवली. सवयीने त्यांचा हात पेनाकडे गेला. या वेळी 'वाचा' असं कुणी म्हटलं नाही. त्यांनी आमच्या दोघींकडे बघितलं, पेन खिशात परत ठेवलं आणि चष्मा डोळ्यांवर चढवला. काउंटरशी उभ्याउभ्या वाचायला लागले. गिऱ्हाइकं आली, गेली. मी त्यांना खुर्ची दिली नाही.

चौथ्या पानावर ते थांबले. "हे छान आहे," ते हळूच म्हणाले. "पांघरुणाखाली नवव्या ओळीला दहिवर का लागलं नाही, त्याचं हे कारण... हे तू कधी शोधलंस?"

"तीन वर्षांपूर्वीच्या अहवालात आहे, डॉक्टर," नेल्वा म्हणाली. "तुमच्या सहीचा."

डॉक्टरांनी मान खाली घातली आणि पाचवं पान वाचायला घेतलं.