माझा वारा कुठून जात होता

मित्रांनो, मला खेळण्यातली बंदूक म्हणायचं असेल तर म्हणा, पण हळू म्हणा. मी रंगाच्या गोळ्या मारणारी बंदूक आहे आणि या मैदानावर माझ्याइतकं वय कुणाचं नाही. बाकीच्या माझ्यानंतर आल्या. त्या चकचकीत आहेत, हलक्या आहेत आणि जरा शेफारलेल्याच आहेत. माझ्या अंगावर ओरखडे आहेत. ज्याने काम केलं त्याच्याच अंगावर ओरखडे असतात. कपाटात बसलेल्याच्या अंगावर धूळ असते.

माझा जन्म कुठल्या देशात झाला ते माझ्या कुशीवर कोरलेलं होतं. लोकांचे हात लागून लागून ते पुसलं गेलं. आठवतं ते इतकंच, की मुरगावच्या बंदरात एका पेटीच्या अंधारात मी पडून होते आणि बाहेर समुद्र श्वास घेत होता. तेव्हा मला वाटायचं, माझ्यातही असाच कुणीतरी श्वास भरणार आहे.

तसंच झालं. आधी डिचोलीला एका मैदानावर राहिले. ते मैदान बंद पडलं तेव्हा संजनाने मला उचललं आणि पेडण्याला आणलं. तेरेखोलच्या नदीकडे उतरणारी काजूची बाग तिच्या सासरची. त्या बागेत तिने आणि तिच्या नवऱ्याने, रुद्रेशने, जुने टायर रचले, जाळी बांधली आणि मैदान केलं. पहिलं वर्ष मी एकटीच होते. संजना माझ्यावरच शिकली. मला उघडायला, पुसायला, परत जोडायला. तिची बोटं माझ्या आत फिरायची तेव्हा मला झोप यायची. काजूला मोहोर यायचा, नदीवरून धुकं वर चढायचं, आणि माझी गोळी त्या धुक्यात निळी होऊन फुटायची. तसे दिवस आता स्वप्नातच येतात.

माझं जगणं वाऱ्यावर आहे. मागे गॅसचा बाटला लावतात. घोडा दाबला की पोटातली झडप क्षणभर उघडते, वारा सुटतो, गोळी जाते आणि झडप मिटते. मिटली पाहिजे. न मिटली तर सगळा जीव नळीतून निघून जातो.

दसऱ्याच्या आधी रुद्रेशने मला नवे भाग घातले. झडप नवी, स्प्रिंग नवी, रबराच्या रिंगा नव्या. मी नवं लुगडं नेसल्यासारखी तोऱ्यात होते. मग दसरा आला. या घरात दसऱ्याला कोयता, आडाळो म्हणजे विळी, पंप, सगळ्यांची पूजा होते, तशी आमचीही झाली. सासूबाई प्रभावतींनी सगळ्यांना झेंडूचं फूल दिलं, पण पाटावर एकटी मीच बसले. वयाचा मान. प्रभावतीबाई कधी कुणाचं फुकट कौतुक करत नाहीत. त्या दिवशी मात्र त्यांनी माझ्या मानेवरून हात फिरवला, म्हातारपणी सांधे सुकतात असं काहीसं पुटपुटल्या, आणि बाटला जिथे बसतो त्या तोंडातून घरच्या खोबरेलाची धार आत सोडली. घरातल्या बिजागऱ्या त्या तेलावर चालतात, शिवणाचं मशीन चालतं, नातवंडांचे केस त्यावर वाढले. माझं काय बिघडणार होतं?

दुसऱ्या दिवशी खेळ सुरू झाला आणि थोड्याच वेळात माझ्या नळीतून फुस्स असा आवाज यायला लागला. वारा जायला लागला.

मित्रांनो, वारा जातो तेव्हा दुखत नाही. उलट गोड वाटतं. आपण हळूहळू हलके होतो, लांबचं जवळ येतं, फेरीबोटीचा भोंगा कुशीत वाजल्यासारखा होतो. पण त्या गोडीत माणूस संपतो.

रुद्रेशने बाटल्याच्या सांध्याला साबणाचा फेस लावला. बुडबुडा आला नाही. संजनाने माझ्या नळीच्या तोंडासमोर झेंडूची सुटी पाकळी धरली, ती थरथरली. म्हणजे वारा पुढून जात होता, झडप मिटत नव्हती. मग दोघं मला घेऊन घरी गेली, चहा प्याली, आणि चहानंतर मला उघडून बघितलं. आत सगळं स्वच्छ. परत जोडलं, वारा भरला, मी गप्प. मैदानावर नेलं, भराभर गोळ्या मारल्या, पुन्हा फुस्स. रुद्रेशने नवी झडप काढून जुनी घातली. मग स्प्रिंग जुनी घातली. मग रिंगा. प्रत्येक वेळी घरी, प्रत्येक वेळी चहा झाल्यावर. आणि प्रत्येक वेळी मी घरात शहाणी आणि मैदानात वेडी.

प्रभावतीबाई ओट्यावरून बघत होत्या. त्यांनी मुलाला ऐकवलं, की चांगल्या चाललेल्या म्हातारीला नवी आतडी घातलीस, आता भोग.

शेवटी रुद्रेश थकला. रविवारी मोठा गट येणार होता आणि दुसऱ्या दोन बंदुकांना भाग कमी पडत होते.

"म्हातारी झाली गो ती," तो म्हणाला. "तिचे पार्ट काढले तर दुसऱ्यो दोन चलतल्यो."

संजनाने मला त्याच्या हातातून काढून घेतलं. मग म्हणाली, "वारो खयसून जाता ता तरी कळांदी. मगे काढ."

रविवार सकाळपर्यंतची मुदत मिळाली. त्या दिवशी मी भिंतीला टेकून पडले होते आणि मला माझेच तुकडे दुसऱ्यांच्या पोटात दिसत होते. माझी झडप तिच्यात, माझी स्प्रिंग हिच्यात. आणि मी कुठे?

शनिवारी दुपारी संजनाने मला एकटीने मैदानावर नेलं. भराभर गोळ्या मारल्या. माझ्या मानेवर दव धरलं, कारण वारा जोरात सुटला की तो बर्फासारखा गार होतो. फुस्स सुरू झालं. घरातून चहाची हाक आली. ती उठली, दोन पावलं गेली आणि थांबली. चहाच्या वेळात झोपी जाणारा हा कसला आजार, असं तिच्या मनात आलं असावं. तिने तिथेच बाटला सोडवला, उरलेला वारा जाऊ दिला आणि गार बोटांनी मला जागीच उघडलं.

झडपेवर पांढऱ्या खपल्या होत्या. तिने हुंगून बघितलं. खोबरेल.

थंडीत तेल थिजत होतं आणि झडपेच्या फटीत अडकत होतं. घरी चहा होईपर्यंत ते वितळून दिसेनासं व्हायचं आणि मी पुन्हा साळसूद. नव्या भागांचा काडीचा दोष नव्हता.

रुद्रेशला कळलं तेव्हा तो हसला, आणि तेल कुणाच्या हातचं ते आठवताच त्याचं हसू मावळलं. आईला सांगायची पाळी येताच त्याला बागेतली फाटकी जाळी आठवली आणि तो निघून गेला. म्हणून संजनाच ती थिजलेली झडप घेऊन स्वयंपाकघराकडे धावली. सासूच्या तळहातावर ती ठेवली. प्रभावतीबाईंनी बघितलं. त्यांच्या उबेने खपली हळूच पाणी झाली आणि रेषारेषांतून वाहिली.

चुलीवरचं दूध वर येऊन उतू गेलं.

मग प्रभावतीबाई म्हणाल्या, "माझ्या तेलाक कसलो दोष नाय. तुमच्या वाऱ्याक थंडी वाजता, तेका मी काय करू?"

पण त्यांनीच पदराच्या टोकाने ती झडप पुसली. कोपरा न् कोपरा पुसला. मग कढत पाणी ठेवलं आणि सुनेला विचारलं, हिला कुठलं तेल चालतं ते आधीच का नाही सांगितलंस? संजना म्हणाली, "तुमका सांगूक भियेलंय, मांय." त्यावर प्रभावतीबाईंनी तिच्यापुढे चहा सरकवला. गार झालेला होता. तिने तो प्यायला.

मित्रांनो, माया करायची तर समोरच्याच्या पोटात काय चालतं ते विचारून करा. घरातल्या जुन्या वस्तूला, जुन्या माणसालाही, कधी फुसफूस लागते. लगेच मोडीत काढू नका, आणि सगळं एकदम बदलूही नका. आवाज येतोय तोवर कान द्या.

रविवारी गट आला. धुतलेली झडप घालून संजनाने मला जोडलं होतं; तिने मला कुणाला दिलं नाही, स्वतःच्या हातात ठेवलं. शिट्टी वाजायची होती. बाग धुक्यात बुडाली होती, नदी दिसत नव्हती, आणि माझ्या पोटात काठोकाठ वारा होता. मी तो तसाच धरून राहिले.