तापायला वेळ लागतो

निळ्या खडूचा तुकडा नखाएवढा उरला होता, तरी खिडकीच्या फळीवरून तो घरंगळून खाली आला तेव्हा सुगंधाने तो पदराने पुसला आणि पुन्हा जागेवर ठेवला. मग सातव्या महिन्याचे पोट सांभाळत ती फरशी पुसायला बसली. स्टोव्हपासून दारापर्यंत, दारापासून खाटेखाली... आणि कोपऱ्याशी आल्यावर हात आपोआप हलका झाला. शहाबादी फरशीवर तिथे निळ्या रेघांचा एक चौकोन होता. ओल्या फडक्याची कड रेघेला लागू न देता तिने कडेकडेने पुसून घेतले. चौकोनाच्या आत धूळ साठली होती. ती साठणारच, एवढी जड वस्तू रोज कोण उचलणार, असे तिच्या मनात आले आणि फडके पिळता पिळता ती थबकली.

चौकोनात काहीही नव्हते.

आज गावाहून सासूबाई यायच्या होत्या, आणि तिचा नवरा भगवंत त्यांना आणायला बोईसर स्टेशनवर गेला होता. जाताना त्याने विंचरलेल्या केसांवरून दोनदा हात फिरवला होता, तिच्यासाठी बंबातले पाणी काढून ठेवले होते, 'वाकू नकोस फार' असेही म्हटले होते. अशा माणसाबद्दल कुणाला काय सांगायचे? दारू नाही, पत्ते नाहीत, तारापूरच्या वीज प्रकल्पाच्या बांधकामावर वायरमन म्हणून चांगले नाव... सांगायला गेले तर ऐकणारा आपल्याकडेच चमत्कारिक नजरेने पाहील.

सुरुवात गेल्या नाताळात झाली. प्रकल्पावरच्या अमेरिकन इंजिनिअरांच्या क्लबात दिव्यांच्या माळा लावायला भगवंतला पाठवले होते, आणि तिथे एका तरुण साहेबाने आपली विजेवरची गिटार त्याच्या हातात दिली, एक तार छेडू दिली. घरी आल्यावर तो जेवलाच नाही. "हात इथे, सुगंधा, आणि आवाज तिकडे! पार भिंतीजवळच्या पेटीतून! मधे नुसती एक वायर..." आयुष्यभर त्याने वायरी ओढल्या होत्या, आणि त्यांच्या टोकाला दिवा लागतो किंवा पंखा फिरतो याहून जास्त काही त्याला ठाऊक नव्हते. त्या रात्री तो लहान मुलासारखा दिसत होता. पुढच्या महिन्यात चादरी घ्यायला दोघे मुंबईला गेली तेव्हा वाद्यांच्या एका दुकानाच्या काचेसमोर तो इतका वेळ उभा राहिला की आतला माणूस बाहेर येऊन विचारू लागला, काय पाहिजे? भगवंत चालू लागला. आणि परतीच्या वाटेवर, वैतरणेचा पूल गेल्यावर, खिडकीबाहेर पाहत म्हणाला, "कोणती घ्यायची?"

तो खेळ होता, सुगंधाने मनाशी म्हटले. दोघांचा खेळ होता. मीच म्हणाले ना, लाल नको, लाल डोळ्यांवर येतो, ती कडेची घेऊ, मधाच्या रंगाची! पट्टा काळा नको, हेही मीच. सुट्टीच्या संध्याकाळी जेवण आटोपून आम्ही या खोलीत बसल्या बसल्या बाजार करायचो. आज गिटार, मग तारांचे जोड, मग आवाजाची मोठी पेटी, तिच्या तोंडाला लावायचे जाळीचे कापड. मी कापडाचा पोत सांगायची आणि ते मान हलवायचे, जसा काही दुकानदार समोर ताग्यावर तागा उलगडतोय. लग्नाला दीड वर्ष झाले होते आणि त्याआधी आम्हाला एकमेकांशी काय बोलावे तेच सुचत नसे...

मग कधीतरी 'घेऊ'चे 'घेतली' झाले. तिला वाटले, जीभ घसरली. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "पेटी कोपऱ्यातच बरी, नाही? दमट हवेपासून लांब." आणि खडूने माप आखले. त्यानंतरच्या आठवड्यात त्याने पेटीसाठी म्हणून घरमालकाची परवानगी काढून कोपऱ्यात खरोखरचा प्लग बसवला, पितळी बटणाचा, नीट, कामात पटाईत होताच तो. आता रोज दिवेलागणीला तो बटण खाली करतो आणि खाटेच्या कडेला बसून राहतो. पहिल्या दिवशी तिने विचारले होते, काय झालं? तेव्हा तो अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला होता, "रेडिओसारखे आत काचेचे दिवे असतात. तापायला वेळ लागतो." ती त्याच्या शेजारी बसली होती. कंटाळलेल्या माणसाला सोबत करावी तशी बसली होती... निदान तेव्हा तरी.

दारावर थाप पडली. घरमालक शांतारामची बायको मैनाबाई, कडेवर हंडा घेऊन. सुगंधा दाराच्या चौकटीत आडवी उभी राहिली. हल्ली ती अशीच उभी राहते.

"सासू येनार हाय ना आज?" मैनाबाई तिच्या खांद्यावरून आत डोकावत म्हणाली. "मंग भाऊंना सांग, ती पेटी जरा सरकवा म्हनून. म्हातारीला निजाला जागा नको? आमाला तर अजून दाकवली पन नाय तुमी."

पेटी नाहीच हो आमच्याकडे, असे म्हणायचे होते. सोपे होते. म्हटले की मैनाबाई हसली असती, आणि मग तीही हसली असती.

"जड आहे फार," सुगंधा म्हणाली. "सरकत नाही."

मैनाबाई गेल्यावर ती बराच वेळ कडीला हात लावून उभी होती. नवऱ्याची लाज राखली, एवढेच. दुसरे काय? पण 'जड' म्हणताना आपल्या दंडात खरोखर ओझे भरून आले होते, ते तिला आठवले आणि तिने कडीवरचा हात काढून घेतला.

दुपारी गोजराबाई आल्या. भगवंतच्या डोक्यावर ट्रंक, त्यांच्या हातात गाठोडे, आणि गाठोड्यात जुन्या लुगड्याची झोळी, भगवंतला जिच्यात झोपवले होते तीच. रात्रभराच्या प्रवासाने त्यांचे पाय सुजले होते. त्यांनी सुनेच्या गालावरून हात फिरवून बोटे मोडली, "लई वाळली गं," म्हणाल्या, आणि भिंतीला टेकायला जागा शोधत सरळ कोपऱ्याकडे वळल्या.

"आत्याबाई! तिथं नका बसू!"

अर्ध्या वाकलेल्या गोजराबाई भिंतीला धरून तशाच राहिल्या. "का गं? इच्चू हाये का काय?"

सुगंधाने भगवंतकडे पाहिले. त्याच्या डोक्यावर ट्रंक तशीच होती, तोंड अजून उघडलेले नव्हते. ओरडलेली ती होती. त्याच्याआधी.

भगवंतने ट्रंक हळूच खाली ठेवली. तो तिच्याकडे पाहत होता. लग्नानंतर इतक्या दिवसांत त्याने तिच्याकडे असे कधीच पाहिले नव्हते—दूरच्या मुलखात आपली बोली बोलणारा माणूस भेटावा तसे. "आई, इकडं खाटेवर बस," तो मऊपणे म्हणाला. मग उकिडवा बसून, आईच्या लुगड्याच्या काठाने पुसटलेली रेघ त्याने खडूने पुन्हा ओढली.

गोजराबाई लेकाचा हात फिरताना पाहत होत्या. त्यांनी वर पाहिले. तुळईला एकच कडी होती, बरोबर त्या चौकोनावर. "झोळी हितंच बांधावी लागंल," त्या म्हणाल्या. आवाज मुद्दाम साधा ठेवला होता.

"तिथं नाही," भगवंत म्हणाला. "आवाजानं पोर दचकेल."

"कशाच्या आवाजानं?"

तो हसला. उत्तर सुगंधाच्या ओठांवर तयार होते, आणि ते तिने दातांनी धरून ठेवले.

तो हात-पाय धुवायला विहिरीवर गेला तेव्हा गोजराबाईंनी तिचे मनगट पकडले. "त्याचं राहू दे. त्याच्या बापाचा चुलता असाच व्हता, घरात लोक बसल्यात म्हणायचा. पण पोरी, तू बी?" त्यांनी पकड घट्ट केली. "उद्या चल माझ्यासंगं. बाळंतपण गावाला करू. ऐक माझं."

"इथलं कोण बघेल, आत्याबाई?"

"हितं काय हाये बघायला?"

सुगंधाने खोलीभर नजर फिरवली. स्टोव्ह, खाट, ट्रंक, दोन घागरी. तिने हे सगळे नीट मोजल्यासारखे पाहिले, एकेका वस्तूवर नजर टेकवत, आणि कोपऱ्याशी येण्याआधी डोळे मिटून घेतले.

दिवेलागण झाली. बाहेर पाळीवरून परतणाऱ्या ट्रकचा धुरळा खिडकीतून आत येत होता. भगवंतने बटण खाली केले आणि तो खाटेच्या कडेला येऊन बसला, तिच्याजवळ, नेहमीपेक्षा जवळ. भिंतीकडे तोंड करून गोजराबाई पुटपुटत जप करत होत्या. उठावे, असे सुगंधाला वाटले. उठून बटण वर करावे, आत्याबाईंची ट्रंक उचलावी, रात्रीची गाडी... पण त्याच्या खांद्याची ऊब तिच्या खांद्याला लागत होती, आणि ती सुखाची होती, हे तिला नाकारता येईना.

तेवढ्यात पोटात मूल हलले. एकदा, मग लागोपाठ, कशाला तरी उत्तर द्यावे तसे. आजवर मूल हलले की ती भगवंतचा हात ओढून पोटावर ठेवत असे. आताही हात निम्म्या वाटेवर गेला. त्याला कळले तर तो 'पोरानं आवाज ऐकला' म्हणेल, हे तिला शब्दान् शब्द माहीत होते, आणि आपण ते लगेच खरे मानू हेही. तिने हात मागे घेतला, पदर पोटावरून नीट ओढला, आणि मुलाला मनातल्या मनात गप्प करत ती ताठ बसून राहिली—कान मात्र कोपऱ्याकडेच.