हुडाकांच्या कट्ट्यावरचं यंत्र

मी एक जुनं, हाताने फिरवायचं, हॅम म्हणजे डुकराचं खारवलेलं मांस कापायचं यंत्र आहे. माझा देह ओतीव लोखंडाचा, पातं गोल आणि पोलादी. अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या पोलाद कारखान्यासमोर, कोपऱ्यावर, हुडाकांचं किराणा दुकान होतं. पुढे पीठ, साबण, डबे. आत सहा स्टुलं आणि जेवणाचा कट्टा. मित्रांनो, त्या कट्ट्यावर माझी जागा होती.

मालकीण झुझाना. तिची मुलगी वेरोना शाळा सोडून माझा दांडा फिरवू लागली, म्हणून मुलगा एमिल शिकून दातांचा डॉक्टर झाला. कारखान्यातल्या योझेफने वेरोनाला मागणी घातली, तेव्हा आई म्हणाली, "तू गेलीस तर कट्ट्यावर कोण उभं राहणार? दुकान शेवटी तुझंच आहे ना गं." वेरोनाला ते खरं वाटलं. योझेफने दुसरीकडे लग्न केलं.

एकदा जेवणाच्या गर्दीत माझ्या पात्याने तिच्या बोटाचं टोक नेलं. झुझाना धावत आली. "हॅमला रक्त लागलं का ते आधी बघ," ती म्हणाली. वेरोनाने फडकं गुंडाळलं आणि पुढची थाळी वाढली. गिऱ्हाइकं पुढे कित्येक वर्षं हसत होती, "पोरी, आज थाळीत बोट घालू नकोस हं!" मला त्या हसण्याची अजून चीड येते.

झुझाना गेली. दुकान एमिलच्या नावावर निघालं. त्याने ते पेट्रोल पंपासाठी विकलं आणि शेवटच्या दिवशी जुन्या गिऱ्हाइकांना जेवायला बोलावलं. वाढत होती वेरोनाच. एमिल आईच्या कष्टांवर बोलला, माझ्यावरही बोलला. लोकांनी डोळे पुसले.

म्हातारा योझेफ शेवटच्या स्टुलावर होता. त्याने विचारलं, "आणि वेरोना कुठे राहणार?"

"तिला काय लागतं?" एमिल हसला. "एकटा जीव. आमच्या तळघरात खाट टाकलीय. घरकामालाही हात होईल."

वेरोनाने योझेफच्या बशीत आणखी कोबी वाढली.

आता माझी जागा एमिलच्या दिवाणखान्यात, खिडकीपाशी आहे. पाहुणे कौतुकाने हात फिरवतात. दर शनिवारी वेरोना तळघरातून वर येते आणि मला पुसते.

"हळू गं," एमिल खुर्चीतून सांगतो, "आईची आठवण आहे ती."

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा म्हणून मी तुम्हाला सांगणार नाही. माझ्यावर धुळीचा कणही नाही. ज्या हाताने तुम्हाला आयुष्यभर वाढलं, त्या हाताला एकदा तरी बसायला सांगा.