टॅबला एक मत

ताई आणि मी सहा वर्षं एकाच खोलीत बसून प्रोग्रॅम लिहितोय आणि सहा वर्षं एकाच गोष्टीवरून भांडतोय: ओळ आत सरकवायची ती कीबोर्डवरच्या टॅबने की स्पेसने? बाहेरच्याला हा रिकामटेकडेपणा वाटेल. पण आमच्या कामात ओळ किती आत आहे, यावर ती कधी चालणार हे ठरतं. मी स्पेसवाला: मोजून चार, सगळ्यांच्या स्क्रीनवर सारख्याच. ताईचा हट्ट टॅबचा. टॅब ही नुसती खूण. तिची रुंदी ज्याने त्याने आपल्यापुरती ठरवावी. "तुला सगळ्यांना एकाच मापाचे कपडे शिवायचेत," ती म्हणायची.

आमच्याकडे न मिटणाऱ्या वादाचा निकाल फळ्यावर मतं मांडून लागतो. त्या सोमवारी मी तिघा सहकाऱ्यांना आधीच पटवून ठेवलं होतं. स्पेस चार, टॅब एक. ताई "बरं" म्हणाली. चहात साखर आधी की दूध आधी यावरही माघार न घेणारी बाई नुसतं "बरं" म्हणते, तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. मी मात्र हवेत. अर्ध्या तासात सगळे टॅब काढून स्पेस घातल्या.

गुरुवारी आमचा प्रोग्रॅम वापरणाऱ्या रक्ततपासणीच्या लॅबमधून फोन आला. चाळीस ठणठणीत माणसांना "डॉक्टरांना ताबडतोब भेटा" असा मेसेज गेला होता. ताईने आदल्याच दिवशी लिहिलेली मेसेजची ओळ 'रिपोर्ट वाईट असेल तरच' या अटीच्या आत हवी होती, ती बाहेर राहिली होती. माझं डोकं फिरलं. "जमत नसेल तर सोड ना काम!" मी सगळ्यांसमोर ओरडलो. ती उठून बाहेर गेली.

ताई भिंतीला पाठ लावून बसते, तिची स्क्रीन कुणाला दिसत नाही. चूक सुधारायला मी तिच्या खुर्चीत बसलो आणि गारच पडलो. अंगठ्याएवढी अक्षरं. जेमतेम नऊ ओळी मावत होत्या. माझ्या स्पेसमुळे आतल्या ओळी पार उजवीकडे गेल्या होत्या. शेवट वाचायला सरकवलं की सुरुवात दिसेना. सेटिंग उघडलं. टॅबची रुंदी: एक. माझ्या चार स्पेसच्या जागी एका अक्षराएवढी.

मान वर केली तर ताई दारात उभी.

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली. चष्म्याने भागत नाही आता."

"मग मतदानाआधी सांगायचंस ना, ताई!"

"सांगितलं असतं तर तू टॅबला मत दिलं असतंस का? मला दिलं असतंस. कीव करून ठेवून घेतलेलं नकोय मला."

मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. पहिला प्रोग्रॅम मला हिनेच शिकवला होता.

"तुला नाही देत मत," मी म्हणालो. "दोन वर्षं टॅबवर तुझी एक चूक निघाली नाही. माझ्या स्पेसवर तीन दिवसांत चाळीस माणसं घाबरली. टॅबलाच देतोय."

मी उठलो, फळा पुसला आणि लिहिलं: टॅब.

तिघंही बघत होते. ताई फळ्याजवळ गेली, अगदी नाक टेकेल इतकी, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "दिसत नाहीये मला. मोठं काढ."